दोन स्तोत्रे, एकच सुटका

मिसरातून झालेली सुटका स्तोत्रसंहितेत वारंवार येते, पण ती निर्गमाची नुसती उजळणी नव्हे. १०५ वे आणि १०६ वे स्तोत्र शेजारी ठेवून पाहू. १०५ व्यात लोकांनी मागितले आणि लावे पक्षी आले, एवढेच. कुरकुर नाही, सोन्याचे वासरूही नाही. १०६ वे मात्र तांबड्या समुद्राकाठच्या बंडापासून सगळे सांगते. मग खरे कोणते? आम्हांला हा प्रश्नच गैरलागू वाटतो. पहिले स्तोत्र देवाने वचन पाळल्याचे सांगते, दुसरे लोक ते विसरल्याचे. नुसते पहिलेच गायले, तर सुटका हा आपला हक्क वाटू लागेल. दुसऱ्याच्या शेवटी विखुरलेल्यांना पुन्हा गोळा करण्याची विनवणी आहे. स्वतःची चूक आठवल्यावरच ती करता येते, नाही का?