दगेरचे चित्र व प्रदर्शनकाराचे कर्तव्य

लुई दगेर याने १८३८ साली पॅरिसमधील बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे घेतलेले छायाचित्र नित्यजीवनाचा पुरावा म्हणून मांडावयाचे, तर त्याखाली केवळ नाव व साल लिहून भागणार नाही, असे आमचे मत आहे. चित्रात रस्ता ओस दिसतो. वस्तुतः तो वर्दळीचा होता. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागल्यामुळे चालती माणसे व गाड्या त्यावर आल्याच नाहीत. जोडे पुसून घेणारा गृहस्थ स्थिर उभा म्हणून उरला. पुसणारा मात्र पुसट झाला. हा खुलासा चित्राशेजारी नसेल, तर यंत्राची मर्यादा हीच समाजाची स्थिती ठरेल. दप्तरात नाव नाही, म्हणून मनुष्यच नव्हता, असे आम्ही मानीत नाही. छायाचित्रासही तोच न्याय लाविला पाहिजे.