दाब आणि सेंद्रिय संवाहक : एका रूढ स्पष्टीकरणाची चिकित्सा

घन अवस्था भौतिकीच्या पदवी वर्गात निरोधक-धातू संक्रमणाचे कारण बहुधा एका वाक्यात सांगितले जाते : दाब वाढला की रेणू जवळ येतात, ऊर्जापट्टे रुंदावतात, त्यांमधील अंतर मिटते आणि पदार्थ धातूसारखा वागू लागतो. आयोडीनपुरते हे विवेचन योग्य आहे. सुमारे १६ गिगापास्कल दाबाखाली ते याच मार्गाने धातुरूप होते. सेंद्रिय संवाहकांना मात्र ते जसेच्या तसे लावणे सदोष ठरते.

टीएमटीएसएफ या रेणूचे हेक्साफ्लुओरोफॉस्फेट लवण पाहावे. क्लाउस बेकगार्ड यांनी ते कोपनहेगन येथे तयार केले. १९७९ च्या अखेरीस डेनिस जेरोम यांच्या गटाला पॅरिसजवळील ओर्से येथे, सुमारे १२ किलोबार दाबाखाली व ०.९ केल्विन तापमानास, त्यात अतिसंवाहकता आढळली. हे लवण सामान्य तापमानास, जादा दाबाविना, धातूच असते. मग दाबाने मिटवायचे अंतर आले कोठून? ते १२ केल्विनच्या खाली उद्भवते. रेणूंच्या रांगांमधून जवळजवळ एकाच दिशेने वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे फर्मी पृष्ठ दोन सपाट पत्र्यांसारखे असते. एक पत्रा सरकवला की दुसऱ्यावर बसतो, आणि या जुळणीमुळे परिवलन-घनता तरंग स्थिरावतो. दाबामुळे शेजारच्या रांगांशी संपर्क वाढून पत्रे वाकतात व जुळणी बिघडते. येथे दाब पट्ट्यांतील अंतर बुजवीत नाही, तर थंडीत उभी राहणारी एक रचना मोडतो.

बीईडीटी-टीटीएफच्या ‘कप्पा-क्लोराइड’ लवणाची स्थिती निराळीच आहे. रेणूंच्या जोड्यांमुळे त्याचा पट्टा अर्धाच भरलेला असतो. पट्टसिद्धांतानुसार ते धातू असावयास हवे. इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणामुळे ते निरोधक राहते. हा मॉट निरोधक होय. केवळ ३०० बार, म्हणजे समुद्रात सुमारे तीन किलोमीटर खोलीवरचा दाब, त्याला धातू आणि १३ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक करण्यास पुरतो. आयोडीनला लागणाऱ्या दाबाचा हा पाचशेवा भागही नाही. प्रतिकर्षण व पट्टारुंदी यांचे गुणोत्तर तेवढे सीमा ओलांडते.

निफाडच्या गहू संशोधन केंद्रावरील थंडीच्या नोंदी हिवाळ्यात बातमीचा विषय होतात. पण ५ अंश सेल्सिअस म्हणजे २७८ केल्विन. वरील संक्रमणे पाहण्यास द्रवरूप हीलियमच हवा. तालुक्याच्या महाविद्यालयात हा प्रयोग होणे नाही, विद्यार्थ्याच्या हाती पडते ते स्पष्टीकरणच. परीक्षेतही दाबाने पदार्थ धातू का होतो, एवढेच बहुधा विचारले जाते. तो मुळात निरोधक कशामुळे होता, हे नाही.