‘आढळला नाही’ या विधानाची योग्यता

पेशीविज्ञानातील शोधनिबंधांत ‘अमुक ग्राही या पेशींवर आढळला नाही’ अशा घाटाचे वाक्य वारंवार येते. वाक्य लहान आहे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तरीही त्यात मोठी गफलत दडलेली असू शकते. मराठीत ‘आढळणे’ या क्रियापदाला ज्याला आढळते त्याची चतुर्थी अपेक्षित असते: ‘शेतकऱ्याला साप आढळला’. शास्त्रीय गद्यात ही चतुर्थी गळते. ती गळाली की शोधणारा आणि शोधण्याचे साधन ही दोन्ही वाक्याबाहेर जातात, व ‘आढळला नाही’ याचा अर्थ वाचक नकळत ‘नाही’ असाच करतो. पेशीपृष्ठावरील आसंजन-ग्राहींच्या संशोधनात या अध्याहृताची किंमत विशेष भारी पडते.

पेशीला शेजारच्या पेशीशी अथवा भोवतालच्या द्रव्याशी बांधून ठेवणारी पृष्ठस्थ प्रथिने म्हणजे आसंजन-ग्राही. इंटेग्रिन हे त्यांतील एक प्रमुख कुल होय. माणसात १८ आल्फा व ८ बीटा साखळ्यांच्या जोड्यांतून २४ इंटेग्रिने बनतात. ती हुडकण्याचे मुख्य साधन म्हणजे प्रतिपिंडे. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी केंब्रिज येथे एकाच पेशीच्या वंशजांकडून एकजिनसी प्रतिपिंडे मिळविण्याची रीत दाखविली. १९८२ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या कार्यशाळेपासून श्वेतपेशींवरील प्रतिजनांना ‘सीडी’ क्रमांक मिळू लागले आणि नावांचा गोंधळ पुष्कळसा आवरला. तथापि प्रतिपिंड कोणत्या प्रथिनाला चिकटते एवढेच हा क्रमांक सांगतो. त्या प्रथिनाच्या कोणत्या भागाला, आणि प्रथिन कोणत्या आकृतीत असताना, याविषयी तो मूक असतो.

पॅक-१ या प्रतिपिंडाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. शॅटिल व त्यांचे सहकारी यांनी ते १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. रक्तातील बिंबाणूंवर, म्हणजे प्लेटलेटवर, आल्फा-२बी-बीटा-३ हे इंटेग्रिन असते. एका बिंबाणूवर त्याचे सुमारे ८०,००० रेणू असतात. एवढी दाटी असूनही शांत बिंबाणूला पॅक-१ जवळजवळ चिकटत नाही. एडीपी किंवा थ्राँबिन यांनी बिंबाणू चेतविला की इंटेग्रिनची आकृती पालटते, फायब्रिनोजेन बांधण्याची जागा खुली होते आणि त्याच जागी पॅक-१ बसते. या प्रतिपिंडात आर्जिनीन, टायरोसीन व ॲस्पार्टिक आम्ल असा एक क्रम आहे. इंटेग्रिने ज्या आर्जिनीन-ग्लायसीन-ॲस्पार्टिक आम्ल क्रमाला ओळखतात, त्याची तो नक्कल करतो. तेव्हा पॅक-१ ला ग्राहीचे नाम समजणे चूक ठरेल. ते ग्राहीच्या एका अवस्थेचे विशेषण आहे.

आता त्याच्या मौनाचा अर्थ पाहावा. शांत, निरोगी बिंबाणूंवर ते मौन असते. ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक रक्तस्रावी विकारात बिंबाणू चेतवूनही ते मौनच राहते. कारण तेथे हे इंटेग्रिन बहुधा नसते किंवा फारच थोडे असते. याच विकाराच्या काही प्रकारांत ग्राही असतो, पण जागा होत नाही. शिवाय नमुन्यात कॅल्शियम बांधून घेणारे ईडीटीए असेल, तर चेतविलेल्या निरोगी बिंबाणूंवरही बंधन दिसत नाही. मौन एकच, कारणे चार. ‘आढळला नाही’ हे वाक्य या चारांना एका रांगेत बसविते. विकाराचे निदान मात्र त्यांच्यातील भेदावरच अवलंबून असते.

भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला प्रमाण मानताना ‘योग्य’ या विशेषणाची अट घातली, तिचे मर्म येथे उपयोगी पडते. उजेडात भुईवर घट दिसला नाही, तर घटाभावाचे ज्ञान होते. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती आधी हवी. प्रतिपिंडाच्या प्रयोगात हा उजेड नियंत्रण-नमुन्यांनी पाडावयाचा असतो. मुद्दाम चेतविलेल्या निरोगी बिंबाणूंवर त्याच द्रावणात पॅक-१ चिकटते काय, हे पाहावे. आणि अवस्थेवर अवलंबून नसलेल्या सीडी ४१-विरोधी प्रतिपिंडाने ग्राहीचे अस्तित्व वेगळे तपासावे. ही दोन उत्तरे नसतील, तर अभावाचे विधान योग्यानुपलब्धीचे ठरत नाही.

हा सर्व तपशील ‘पद्धती’ या प्रकरणात असतोच, असा आक्षेप येईल. तो अंशतः खरा आहे. परंतु निष्कर्षाचे वाक्य एकटेच प्रवास करते. ते सारांशात जाते, समीक्षालेखात जाते, वर्गातील टिपणात उतरते. प्रतिपिंडाचे नाव वाटेत कोठे तरी गळते. पॅक-१ चा यात दोष नाही. अवस्थाभेद ओळखणे हाच त्याचा गुण आहे, आणि वाक्यरचना नेमका तोच गुण पुसून टाकते.

यावर उपाय वाक्यातच आहे. ‘शांत बिंबाणूंवर पॅक-१ चे बंधन दिसले नाही, सीडी ४१-विरोधी प्रतिपिंडाचे दिसले, चेतविल्यावर दोहोंचेही दिसले.’ या वाक्याला ओळ-दीड ओळ अधिक लागते. त्यात साधन बोलते, अवस्था बोलते, आणि ग्राहीविषयी जेवढे कळले तेवढेच सांगितले जाते.