रंधा, ढलप्या आणि दोन पुस्तकं

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "सर, बौद्ध विचारात गूढवाद आहे की नाही, तेवढं एका वाक्यात सांगा." एका वाक्यात सांगता आलं असतं तर इतकी वर्षं त्याच विषयावर पगार कसा घेतला असता? पण प्रश्न खरा आहे. म्हणून आज दोन पुस्तकं घेऊन आलो आहे. दोन्ही १९५७ साली आली. एक जपानी विद्वान डी. टी. सुझुकी यांचं 'मिस्टिसिझम : ख्रिश्चन अँड बुद्धिस्ट'. दुसरं आपल्या परिचयाचं, बाबासाहेबांचं 'द बुद्ध अँड हिज धम्म'. ते पाहायला बाबासाहेब राहिले नव्हते. सुझुकी तेव्हा सत्त्याऐंशीच्या घरात होते, आणि त्याच दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवून गेले होते. त्या विद्यापीठाशी बाबासाहेबांचं नातं काय, ते तुम्हाला सांगायला नको.

सुझुकींचा पूर्वार्ध मी वर्गात पुष्कळ शिकवला. चौदाव्या शतकातला जर्मन धर्मोपदेशक माइस्टर एकहार्ट आणि महायानातली शून्यता, यांची ती तुलना आहे. ईश्वराच्याही पलीकडचं निर्गुण आणि शून्यता ही एकाच अनुभवाची दोन नावं, असा एकूण रोख. वाचताना भारून जायला होतं. मीही गेलो होतो. आपल्याकडे गुरुदेव रानड्यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्रातल्या संतांचा गूढवाद इंग्रजीत मांडला, तो वाचून वाढलेल्या माझ्या पिढीला ही भाषा घरचीच वाटायची.

आता मात्र मला त्यात एक अडचण दिसते. सुझुकी शिखरं तेवढी जोडतात, पायथे सोडून देतात. एकहार्टवर चर्चने खटला चालवला आणि १३२९ मध्ये त्याची काही विधानं पोपच्या फर्मानाने दोषी ठरली. म्हणजे ती विधानं करणं त्या समाजात जोखमीचं होतं. तुलनेत ही जोखीम गळून जाते आणि मागे उरतो तो धुतलेला, वासरहित अनुभव. चिनी इतिहासकार हू शी यांनी १९५३ मध्येच सुझुकींना टोकलं होतं की झेनकडे त्याच्या काळात आणि समाजात ठेवून पाहा. सुझुकींचं उत्तर साधारण असं, की इतिहासाने झेनचं बाहेरचं अंग कळेल, आतलं नाही. उत्तर हुशारीचं आहे, पण त्याने प्रश्न मिटत नाही. जपानमधल्या कितीतरी झेन आचार्यांनी युद्धकाळात सैन्याला आशीर्वाद दिले. त्यांची साधना खोटी होती असं मी म्हणत नाही. ती खरी असूनही असं झालं, हीच तर पंचाईत आहे.

उत्तरार्धात मात्र पुस्तकाचा सूर बदलतो. तिथे साईची येतो. आसाहारा साईची, १८५० ते १९३२. पश्चिम जपानमधल्या इवामी भागातला माणूस. आधी जहाजांवरचं सुतारकाम केलं, नंतर गेता बनवू लागला. गेता म्हणजे जपानी लाकडी पादत्राणं, आपल्या खडावांच्या जातीची. शिक्षण जेमतेम. रंधा मारता मारता काही सुचलं की निघालेल्या पातळ ढलपीवरच लिहायचं आणि मग ते वहीत उतरवायचं. अमिताभ बुद्धाचं नाम, स्वतःचं ओंगळ मन आणि दोघांचा चाललेला संवाद, एवढाच त्याचा विषय. सावता माळी, गोरा कुंभार यांची आठवण तुम्हाला होईल. होऊ द्या, पण घाईने एकात एक मिसळू नका. तीच चूक सुझुकी करतात आणि तिच्याबद्दलच मी तक्रार करतोय.

साईचीची एक गोष्ट सांगतात. चित्रकाराने त्याचं हात जोडलेलं चित्र काढलं. साईची म्हणाला, हा मी नव्हे, डोक्यावर शिंगं काढा. जपानी कल्पनेत शिंगं राक्षसाला असतात. आपल्या मनातला राग, लोभ, मत्सर चित्रात दिसलाच पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. शेवटी शिंगं काढली.

सुझुकींना साईचीत दिसतं ते ऐक्य: मी आणि अमिताभ एक. तसे उद्गार त्याच्या वह्यांत आहेत, नाही असं नाही. पण शिंगांचं काय करायचं? साईचीचा पंथ शिनरानचा आहे, आणि त्या पंथात साधक स्वतःच्या बळावर निर्मळ होतो हा दावाच नाही. माणूस आहे तसाच, विकारांसकट, करुणेच्या कवेत घेतला जातो. सुझुकींनी त्याला झेनच्या साच्यात बसवलं आणि शिंगं थोडी घासून गुळगुळीत केली, असं माझं मत आहे. परिवर्तन म्हणजे विकार संपणं नव्हे, विकार लपवायची गरज संपणं, असं काहीतरी साईची दाखवतो. गूढवादाच्या व्याख्येत हे नीट बसत नाही, आणि म्हणूनच पुस्तकातला हा भाग मला सर्वांत जिवंत वाटतो.

इथे थोडं स्वतःबद्दल बोलतो. निवृत्तीनंतर मी दहा दिवसांचं ध्यानशिबिर केलं. मौन, पहाटे उठणं, सगळं पाळलं. खरोखर शांत होऊन घरी आलो. चार दिवसांनी सौ. म्हणाल्या, "तुम्ही शांत झालात हे चांगलंच आहे. पण जेवायला बसल्यावर पाण्याचा तांब्या अजून मीच आणते." मी त्यांना अनुभवाच्या अनिर्वचनीयतेबद्दल काही सांगणार होतो, तो बेत सोडला. आणि उठून तांब्या भरला असंही नाही. तो भरायला लागलो पुढे पुष्कळ दिवसांनी.

आता दुसरं पुस्तक. मराठीत ते 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' म्हणून आपण वाचतो. प्रस्तावनेतच बाबासाहेब विचारतात की बुद्धाला भिक्खू कशासाठी हवा होता, परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी की समाजाची सेवा करण्यासाठी? सुझुकींच्या पुस्तकात हा प्रश्नच उगवत नाही. सद्धम्माची चर्चा करताना बाबासाहेब पायरीपायरीने वर जातात: नुसती प्रज्ञा पुरत नाही, शील हवं, त्यावर करुणा हवी, आणि करुणेच्याही पुढे मैत्री. नुसत्या विद्वत्तेचाही त्यांनी समाचार घेतला आहे. माझ्यासारख्याने तो भाग जपूनच वाचावा. निब्बाणाचा अर्थही ते मरणोत्तर घेत नाहीत. विकारांवर ताबा ठेवून इथे, याच आयुष्यात जगता येतं, ते निब्बाण. म्हणजे आतलं परिवर्तन बाबासाहेबांना नको होतं, हा जो समज आहे, तो पुस्तक न वाचणाऱ्यांचा आहे.

पण एका ठिकाणी माझं त्यांच्याशी जमत नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही पारंपरिक कथा ते नाकारतात. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत हे कुणी पाहिलंच नसेल कसं, असा त्यांचा सवाल. त्याऐवजी ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेला तंटा पुढे आणतात. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली. युक्तिवाद म्हणून बिनतोड. पण मित्रहो, पाहणं वेगळं आणि लागणं वेगळं. म्हातारपण मी लहानपणापासून पाहत आलो, आजोबा घरातच होते. ते मला लागलं सत्तरीनंतर, गुडघ्यांतून. जुन्या कथेत हे लागणं आहे. बाबासाहेबांनी इतिहास सावरला, आणि त्या भरात आतला एक हुंदका कापला गेला.

तुम्ही म्हणाल, मग दोघांपैकी कोण बरोबर? माझी निवड मी लपवत नाही. सुझुकींच्या पूर्वार्धाशिवाय माझं आता चालतं, रोहिणीच्या प्रकरणाशिवाय चालत नाही. आणि साईची? एक गोष्ट मला अजून छळते. हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या पायांसाठी लाकूड तासत होता. त्या गेता घालणाऱ्यांबद्दल, त्यांच्या सुखदुःखाबद्दल तो काय म्हणत असेल? सुझुकींनी निवडलेल्या नोंदींत मी ते शोधलं, मला सापडलं नाही. त्याला सुचलंच नसेल, की निवडणाऱ्याला ते महत्त्वाचं वाटलं नसेल?

पुढच्या वेळी शिनरान घेणार आहे. येताना रोहिणीचं प्रकरण वाचून या, आणि जिन्यात गाठणाऱ्या त्या गृहस्थांनी कृपया पहिल्या रांगेत बसावं.