सोसण्याची मर्यादा

मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांत मोठ्या दुःखांइतकेच रोजचे बारीकसारीक जाचही बोलतात. रमाबाई रानडे (१९१०) शिक्षणापायी घरातल्या बायकांची बोलणी सोसल्याचे सांगतात; तेथे सोसणे हे पतिनिष्ठेचेच अंग आहे. लक्ष्मीबाई टिळक ‘स्मृतिचित्रे’त (१९३४-३६) टिळकांच्या अव्यवहारीपणाचा ताप विनोदात विरघळवतात. दोघींचे लेखन पतिनिधनानंतरचे. सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) मात्र पु. ल. हयात असताना, लेखिकेने साठी ओलांडल्यावर आले. पतीचे गृहीत धरणे, घरकामातील त्याची बेफिकिरी यांवर त्या पांघरूण घालत नाहीत.

या लेखनाला निव्वळ कुरकुर ठरवणारे वाचन एक गोष्ट नजरेआड करते. तक्रार सुटी घेतली तर क्षुल्लक दिसते. चार दशकांची बेरीज मांडली की तीच सहजीवनाची मीमांसा होते. शिवाय ही झडती एकतर्फी नाही, त्या स्वतःलाही त्यातून वगळत नाहीत. वयाबरोबर सोशिकता आटते असे म्हणण्यापेक्षा, गप्प राहण्याचे प्रयोजन उरत नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. आत्मचरित्राच्या समीक्षेने ‘किरकोळ’ हे विशेषण यापुढे जपून वापरावे.