दगडावर सही कुणाची?

पोटोमॅक नदीच्या ग्रेट फॉल्सला बहुतेक लोक धबधबा बघायला जातात. मला तिथे जास्त रस वाटला तो दोन्ही काठांवरच्या कालव्यांमध्ये. एकच नदी, पण इतिहास मांडायच्या पद्धती दोन.

मेरीलँडच्या काठावर सगळं नीटनेटकं आहे. 184.5 मैलांचा चेसापीक-ओहायो कालवा, त्याचे 74 लॉक (नाव पायरी-पायरीने वर-खाली नेणारे पाण्याचे जिनेच), पांढरी ग्रेट फॉल्स टॅव्हर्न, खेचरांनी ओढायच्या जुन्या धाटणीच्या नावेची फेरी. बघायला छान वाटतं. पण या कालव्याचं काम 4 जुलै 1828 ला सुरू झालं, आणि बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचंही त्याच दिवशी. रेल्वे कंबरलँडला 1842 मध्ये पोचली, कालवा 1850 मध्ये. म्हणजे रिलीज होतानाच मागे पडलेलं प्रॉडक्ट. नावेच्या फेरीत ही हार जाणवत नाही, उरतो तो फक्त गोड जुना काळ.

व्हर्जिनियाच्या काठावर उलट आहे. इथे पटोमॅक कालव्याचे फक्त अवशेष आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन या कंपनीचा पहिला अध्यक्ष होता. 1785 मध्ये काम सुरू झालं, इथले पाच लॉक 1802 मध्ये पुरे झाले, तोवर वॉशिंग्टन वारला होता. 1828 मध्ये कंपनीच संपली. कालव्याकाठचं माटिल्डाव्हिल गावही ओस पडलं. आज झाडीतून जाणाऱ्या ट्रेलवर त्याचे पडके दगड दिसतात. कुणी ते पुन्हा रचून ‘जसं होतं तसं’ केलेलं नाही. मला हा निर्णय जास्त प्रामाणिक वाटतो. फसलेलं काम इथे फसलेलंच दिसतं.

तरी एक गोष्ट खटकते. लॉक 1 च्या भिंतीत दगड घडवणाऱ्या पाथरवटांच्या खुणा अजून दिसतात. त्या त्यांच्या सह्याच, आपल्या कोडमधल्या कमिटसारख्या. पण खोदकामावर करारात अडकलेले मजूर होते, मालकांकडून भाड्याने आणलेले गुलामही होते. पळालेला मजूर ओळखता यावा म्हणून त्याचं डोकं आणि भुवया भादरत. उद्यान हे लपवत नाही. पण चालताना आपल्या मनात गोष्ट घोळते ती वॉशिंग्टनच्या स्वप्नाची. मजूर तळटीपेत जातात.

यात दोष फक्त पाट्यांचा नाही. वारसा म्हणून आपण उभं राहिलेलं काही शोधतो: भिंत, कमान, घर. खालच्या लॉकपाशी मात्र काळ्या दारूचे सुरुंग लावून अख्खा खडक फोडलाय. तिथे मुख्य काम म्हणजे ती पोकळीच. पोकळीवर सही करायला जागा नसते. तिथे गेलात तर लॉक 1 च्या खुणांचा फोटो जरूर काढा, मग त्या चिरेत उतरणाऱ्या ट्रेलवर दोन मिनिटं थांबा आणि इथून किती दगड उपसला असेल याचा अंदाज करा.