कबड्डीतील बचावस्थाने व खेळाडूंची निवड : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक टीकात्मक विचार

कबड्डीत बचाव करणाऱ्या सात खेळाडूंपैकी कोणी कोठे उभे राहावे, हा प्रश्न सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयीन संघांत बहुधा शरीरयष्टी पाहूनच सोडविला जातो. भरदार खेळाडू मध्यरक्षक होतो, ठेंगणा व चपळ खेळाडू कोपऱ्यात जातो आणि उरलेले खेळाडू उरलेल्या जागा भरून काढतात. प्रस्तुत लेखकास हा निकष अपुरा वाटतो. त्यात खेळाडूचे माप घेतले जाते, त्या जागेवरील कामाचे घेतले जात नाही.

ही कामे मुळातच भिन्न आहेत. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो किंवा परतण्यासाठी वळतो, त्या क्षणी त्याचा घोटा वा मांडी पकडणे हे कोपरारक्षकाचे काम होय. त्यासाठी संयम लागतो, खाली झुकून झेपावण्याची सवय लागते. मध्यरक्षकाला पुष्कळदा दुसरी हालचाल करावयाची असते. कोपऱ्याने पाय धरताच परतीची वाट अडविणे किंवा धडक देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर लोटणे ही त्याची जबाबदारी. येथे वजन उपयोगी पडते हे खरे. परंतु शेजाऱ्याची हालचाल वाचता न येणारा वजनदार मध्यरक्षक उशिराच पोहोचतो. २०१५ मध्ये प्रो कबड्डी लीग जिंकणाऱ्या यू मुंबाच्या संघात सुरेंदर नाडा व मोहित छिल्लर कोपऱ्यांत, तर जीवा कुमार व विशाल माने मध्यरक्षणात होते. त्या बचावाचे यश या जोड्यांच्या परस्पर अंदाजात होते.

हाताचा प्रश्न तर आपल्याकडे विचारलाच जात नाही. बेसबॉलमध्ये डावखुऱ्या खेळाडूला शॉर्टस्टॉप किंवा तिसऱ्या बेसवर सहसा उभे करीत नाहीत. पहिल्या बेसकडे चेंडू फेकताना त्याला अंग वळवावे लागते व त्यात वेळ जातो. पहिल्या बेसवर मात्र तोच डावखुरेपणा गुण ठरतो. कबड्डीत डाव्या कोपऱ्यातील रक्षकाला चढाईपटू आपल्या उजव्या हाताला सापडतो, उजव्या कोपऱ्यातील रक्षकाला डाव्या हाताला. मग डावखुरा मुलगा उजव्या कोपऱ्यात प्रथम अजमावून पाहावयास नको काय?

शारीरिक शिक्षणातील संशोधनही येथे फारसे साहाय्य करीत नाही. ‘चढाईपटू’ आणि ‘बचावपटू’ असे दोन गट पाडून उभी लांब उडी, शटल रन यांची सरासरी काढावयाची व ‘टी’ मूल्य मांडावयाचे, ही पद्धत प्रबंधिकांतून रुळली आहे. कोपरारक्षक व मध्यरक्षक एकाच सरासरीत मिसळले की नेमका जो फरक शोधावयाचा तोच पुसला जातो. (सरळ धावण्याच्या चाचणीतून घोटापकड कशी मोजली जाणार, हे कोडेच आहे.)

या उपेक्षेस एक सामाजिक कारणही असावे. सांगली जिल्ह्याने काशिलिंग आडके आणि २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या संघातील नितीन मदने हे खेळाडू दिले. दोघेही चढाईपटू. गावोगावच्या मैदानांवर मुलांना तेच व्हावयाचे असते. बचाव शिल्लक राहिलेल्यांच्या वाट्याला येतो. माण, खटाव, जत, आटपाडी अशा दुष्काळी तालुक्यांतील मुलांसाठी संघातील जागा हा केवळ हौसेचा विषय नाही. शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षणापर्यंत पोहोचणारी वाट याच निवडीतून सुरू होते. चुकीच्या कोपऱ्यात उभा केलेला मुलगा दोन-तीन सामन्यांतच ‘कच्चा’ ठरून बाहेर बसतो.

मुलींच्या संघांबाबत तर पुरुषांचीच रचना जशीच्या तशी उचलली जाते. पुरुषांचे मैदान १३ × १० मीटर, महिलांचे १२ × ८ मीटर. दोन्हीकडील एक-एक मीटरचे राखीव क्षेत्र वगळता, झटापट सुरू होण्यापूर्वी खेळावयास पुरुषांना आठ, तर महिलांना सहाच मीटर रुंदी मिळते. कोपऱ्यांमधील अंतर घटले की मध्यरक्षिकेची धाव आखूड होते आणि धडकेसाठी वेग घेण्यास जागा उरत नाही. अशा वेळी तेथे वजनापेक्षा वाट रोखून धरण्याचे कौशल्य अधिक मोलाचे ठरेल, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. निवडचाचणीत प्रत्येक मुलीला दोन्ही कोपऱ्यांत व दोन्ही मध्यस्थानी किमान पाच-पाच चढायांना सामोरे जावयास लावून तो तपासता येईल.